सिग्नल टिपणारा टेहळणी उपग्रह परवडतो का? हिशेब मांडायची रीत

ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने टेहळणीच्या ५२ उपग्रहांच्या योजनेला मंजुरी दिली आणि बातम्यांमध्ये २६,९६८ कोटी रुपयांचा आकडा आला. आपल्याकडे असा आकडा आला की पारावर लगेच दोन बाजू पडतात. एक बाजू म्हणते, देशाच्या सुरक्षेचा हिशेब करायचा नसतो. दुसरी म्हणते, एवढ्या पैशात विदर्भाच्या सिंचनाचा किती अनुशेष भरून निघाला असता. दोघांचंही बोलणं मनापासून असतं, पण कागद-पेन्सिल कोणीच काढत नाही. ती काढता येते. दहावीचं गणित आणि मोबाइलवरचं स्प्रेडशीट एवढ्यावर बऱ्यापैकी अंदाज बांधता येतो. हा लेख तालुक्याच्या अभ्यासिकेत बसणाऱ्या, इंजिनिअरिंगला असलेल्या किंवा नुसतंच कुतूहल असलेल्या नवख्यांसाठी आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. हा हिशेब 'उपग्रह की धरण' या प्रश्नाचं उत्तर देत नाही. तो लोकांनी आणि लोकप्रतिनिधींनी ठरवायचा विषय आहे. एक काम करायचं ठरलं असेल तर कोणत्या वाटेने ते कमी पैशात होतं आणि कुठे थांबायला हवं, एवढंच यातून कळतं. पण तेवढं कळणंही मोलाचं आहे, कारण जिथे थांबायला हवं होतं त्याच्या पुढे गेलेला पैसा दुसऱ्या कुठल्या तरी कामाचा असतो.

आधी यंत्र समजून घ्या

टेहळणी उपग्रह म्हटलं की डोळ्यासमोर कॅमेरा येतो. आपला विषय त्याहून वेगळा आहे. प्रत्येक रडार आणि वायरलेस सेट लहरी बाहेर टाकतो. सिग्नल टिपणारा उपग्रह त्या ऐकतो : वारंवारता किती, प्रत्येक स्पंद (लहरीचा एक छोटा झटका, पल्स) किती लांबीचा, दोन स्पंदांमध्ये अंतर किती. त्यावरून रडार कोणत्या जातीचं ते ओळखतात. रात्र असो की पावसाळ्याचे ढग, त्याला अडत नाही.

इतक्या उंचीवर रडार ऐकू कसं येतं, असं सगळेच विचारतात. रडारची लहर लक्ष्यावर जाऊन परत रडारकडे येते, म्हणून त्याला मिळणारा प्रतिध्वनी अंतराच्या चौथ्या घाताने क्षीण होतो. ऐकणाऱ्याला मात्र एकेरीच प्रवास असतो, त्यामुळे त्याच्यापर्यंत पोचणारी लहर अंतराच्या वर्गानेच घटते. म्हणून रडार ज्याला पाहू शकत नाही, असा ऐकणारा त्या रडारला सहज ऐकतो.

यातला पहिला यशस्वी उपग्रह अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेचा ग्रॅब, २२ जून १९६० ला सोडलेला. जगाला सांगितलं की तो सूर्याच्या किरणोत्सर्गाचा अभ्यास करतो. तो अभ्यास तो खरोखर करतही होता. खरं काम १९९८ मध्ये उघड झालं. आपल्याकडचं उदाहरण म्हणजे एमिसॅट : १ एप्रिल २०१९ ला पीएसएलव्ही-सी४५ या इस्रोच्या रॉकेटने सोडलेला, वजन ४३६ किलो, उंची सुमारे ७४८ किलोमीटर. इस्रोने त्याचा उद्देश 'विद्युतचुंबकीय वर्णपट मोजणे' असा जाहीर केला होता.

पायरी पहिली : काम एका वाक्यात लिहा

नवखे लोक इथेच घाई करतात. २६,९६८ भागिले ५२, म्हणजे एक उपग्रह ५१९ कोटींचा, असं म्हणून मोकळे होतात. त्या योजनेत खालच्या कक्षेतले आणि भूस्थिर कक्षेतले (खूप उंचीवरचे, जमिनीवरून एकाच जागी दिसणारे) असे वेगवेगळे उपग्रह आहेत, त्यामुळे ती सरासरी कोणत्याच उपग्रहाची नाही. पण त्याहून मोठी अडचण अशी की 'एक उपग्रह' हे आपलं उत्पन्नच नव्हे. रोही आणि रानडुकरं हाकलायला तुरीच्या वावरात रात्री जागलीवर माणूस ठेवला, तर शेतकरी किती रात्री जागला याचा हिशेब धरत नाही, किती पीक वाचलं याचा धरतो.

म्हणून वाक्य असं लिहा, ज्यात ठिकाण, वेळ आणि अचूकता तिन्ही येतील. या लेखात मी हे घेतो : 'दीवच्या पुढच्या अरबी समुद्रात स्वतःची ओळख सांगणारं यंत्र बंद करून फिरणाऱ्या जहाजाचं रडार २४ तासांत निदान एकदा पकडायचं, आणि ठिकाण ५ किलोमीटरच्या आत सांगायचं.' आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या ३०० टनांवरच्या जहाजांना ओळख सांगणारं यंत्र, म्हणजे एआयएस, सक्तीचं आहे. ते बंद केलेलं जहाज चोरटी मासेमारी किंवा तस्करी करत असण्याची शक्यता असते. भारताचं सागरी आर्थिक क्षेत्र सुमारे २३ लाख चौरस किलोमीटर आहे, तेव्हा प्रश्न खोटा नाही.

दीव निवडण्याला कारण आहे. दीव आणि वर्धा दोन्ही जवळपास पावणेएकवीस अंश उत्तर अक्षांशावर आहेत. ध्रुवांवरून फिरणारा उपग्रह दिवसात किती वेळा डोक्यावरून जातो हे अक्षांशावर ठरतं, रेखांशावर नाही. म्हणजे वर्ध्याच्या आसपास राहत असाल, तर तुमच्या गावावरून होणाऱ्या फेऱ्या मोजल्या की समुद्राचं उत्तर मिळालं.

पायरी दुसरी : फेऱ्या मोजा

५०० किलोमीटर उंचीचा उपग्रह साधारण साडेचौऱ्याण्णव मिनिटांत एक प्रदक्षिणा करतो, दिवसाला पंधरा. क्षितिजापर्यंतचं सगळं धरलं तर त्याच्या नजरेत एका वेळी जवळपास २,४५० किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ येतं. या हिशेबाने आपल्या अक्षांशावर दिवसाला सरासरी चार फेऱ्या होतात.

पण क्षितिजाला टेकलेल्या उपग्रहाकडून चांगलं काम होत नाही. अंतर जास्त, लहरींची वाट वातावरणातून तिरपी, आणि ठिकाण काढायला कोन वाईट. म्हणून क्षितिजापासून १० अंश वर आल्यावरच मोजायचं. तेवढ्या एका अटीने वर्तुळाची त्रिज्या १,५६० किलोमीटरवर येते, दिसणारं क्षेत्र १८६ लाख चौरस किलोमीटरवरून ७६ लाखांवर घसरतं, आणि रोजच्या फेऱ्या चारवरून अडीचवर. जाहिरातीत पहिला आकडा असतो, कामाला दुसरा येतो.

हे ताडून पाहता येतं, आणि पाहाच. हेवन्स-अबव्ह या मोफत संकेतस्थळावर आपल्या गावाचं ठिकाण टाका, उपग्रहांच्या यादीतून एमिसॅट शोधा आणि 'फक्त दिसणाऱ्या' ऐवजी 'सर्व' फेऱ्या निवडा. तिथली वेळ १० अंशांपासूनच मोजलेली असते. दहा दिवसांच्या फेऱ्या वहीत उतरवून सरासरी काढा. ७४८ किलोमीटर उंचीसाठी माझ्या गणिताने दिवसाला तीनच्या आसपास येतात. तुमची सरासरी त्याच्या जवळ आली तर पुढच्या पायऱ्यांवर तुमचा स्वतःचा विश्वास बसेल.

उंची वाढवली की फेऱ्या वाढतात, मग सगळे उंचच का नेत नाहीत? ५०० ऐवजी ७४८ किलोमीटरवर गेलं की डोक्यावरच्या रडारचा सिग्नल निम्म्याहूनही कमी होतो. मग अँटेना मोठा लागतो, वजन वाढतं, खर्च वाढतो.

पायरी तिसरी : एका फेरीत काम होण्याची शक्यता

ही शक्यता चार तुकड्यांत मोडा आणि गुणाकार करा. पुढचे आकडे सरावासाठी मी धरलेले आहेत.

फेरीच्या वेळी उपग्रहाचं यंत्र चालू आणि मोकळं असणं : ०.७. वीज आणि साठवणूक मर्यादित असते, त्यामुळे तो सतत ऐकत नाही. जहाजाचं रडार त्या वेळी चालू असणं : ०.६. सिग्नल पुरेसा जोरदार असून गर्दीतून वेगळा ओळखता येणं : ०.७. आणि ठिकाण ५ किलोमीटरच्या आत निघणं : ०.८. गुणाकार केला की ०.२३५ येतात. म्हणजे सरासरी चार फेऱ्यांत एकदाहून थोडं कमी.

शेवटच्या तुकड्याबद्दल थोडं. ठिकाण काढायची नेहमीची रीत म्हणजे तीन उपग्रह एकत्र उडवायचे आणि एकच स्पंद प्रत्येकाकडे किती फरकाने पोचला ते मोजायचं. लहर एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जाते, त्यामुळे उपग्रहांची घड्याळं एकमेकांशी काटेकोर जुळलेली लागतात. फ्रान्सने नोव्हेंबर २०२१ मध्ये सोडलेले सेरेसचे तीन उपग्रह किंवा हॉकआय ३६० या अमेरिकी कंपनीचे डिसेंबर २०१८ मधले पहिले तीन असे त्रिकुटातच आहेत. म्हणून हिशेबाचं एकक एक उपग्रह नव्हे, तिघांचा समूह.

पायरी चौथी : खर्चाचा ताळेबंद

खर्च दोन ढिगांत वाटा : एकदाच होणारा आणि प्रत्येक समूहामागे पुन्हा होणारा. सरावासाठी हे आकडे घ्या (पुन्हा सांगतो, हे कुठल्याही खऱ्या प्रकल्पाचे नाहीत). आराखडा आणि विकास ९० कोटी, भूकेंद्र (उपग्रहाकडची माहिती उतरवून घेणारं जमिनीवरचं केंद्र) आणि संगणकप्रणाली ४० कोटी, हे एकदाच. एक उपग्रह ३० कोटी, त्याचं उड्डाण ८ कोटी. चालवण्याचा खर्च वर्षाला २० कोटी, आयुष्य ५ वर्षं. पहिला समूह : ९० + ४० + ९० + २४ + १०० = ३४४ कोटी. दुसऱ्या समूहाला विकास आणि भूकेंद्र पुन्हा लागत नाही, चालवायचा खर्च वर्षाला ६ कोटींनी वाढतो : ९० + २४ + ३० = १४४ कोटी.

यात नवख्यांच्या हातून नेमकं जे सुटतं ते लिहितो. उड्डाण फसू शकतं. मे २०२५ पर्यंत पीएसएलव्हीची ६३ उड्डाणं झाली, त्यांतली १९९३, २०१७ आणि २०२५ ची मिळून तीन पूर्ण वाया गेली. म्हणजे जवळपास ५ टक्के. तिन्ही उपग्रह एकाच रॉकेटवर असतील तर जातात तेही एकदमच. म्हणून उपग्रह आणि उड्डाणाच्या खर्चाला ०.९५ ने भागा. आयुष्यही हमखास नसतं : फेब्रुवारी २०२२ मध्ये सौर वादळामुळे वातावरण फुगलं आणि नुकत्याच सोडलेल्या ४९ पैकी तब्बल ३८ स्टारलिंक उपग्रह खाली आले.

पुढच्या वर्षांतला रुपया आजच्या रुपयाइतका धरू नका. ८ टक्के दराने पाच वर्षांचे १०० कोटी आजच्या किमतीत सुमारे ८० कोटी होतात. पहिला अंदाज मात्र साध्या बेरजेनेच करा, नाही तर चूक कुठे झाली ते सापडत नाही.

आणि शेवटची विल्हेवाट. २ एप्रिल २०२२ च्या रात्री चंद्रपूर जिल्ह्याच्या सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत आकाशातून धातूचं कडं पडलं, आजूबाजूच्या शिवारात धातूचे गोळे सापडले. ते कोणत्या तरी रॉकेटचे जळून न गेलेले भाग होते. कुणाला लागलं नाही. पण आयुष्य संपलेला उपग्रह सुरक्षित खाली आणायला इंधन राखून ठेवावं लागतं, इंधनाला वजन असतं आणि वजनाला पैसे पडतात. चंद्रपूर जिल्ह्यातल्या माणसाने हा रकाना रिकामा सोडू नये.

पायरी पाचवी : दोन्ही जोडा

एका फेरीत यश मिळण्याची शक्यता 'प' आणि दिवसाच्या फेऱ्या 'न' असतील, तर दिवसात निदान एकदा यश येण्याची शक्यता १ − (१ − प)^न. आपल्या आकड्यांनी (प = ०.२३५, प्रत्येक समूहामागे न = अडीच) एका समूहाला ४९ टक्के येतात, दोन समूहांना ७४, तिनांना ८७, चारांना ९३.

आता प्रत्येक वाढीव टक्क्याला किती पैसे पडले ते काढा. पहिल्या समूहाला टक्क्यामागे ७ कोटी. दुसऱ्याला ५.८ कोटी, म्हणजे पहिल्याहून स्वस्त, कारण विकासाचा खर्च आधीच होऊन गेला. तिसऱ्याला ११ कोटींच्या आसपास. चौथ्याला वीस कोटींच्या वर. सरासरी काढली असती तर ही चढण दिसलीच नसती. या कोष्टकावरून कुणीही म्हणेल, दोन समूह नक्की घ्या, तिसऱ्याचा विचार करा, चौथा नको.

पायरी सहावी : स्वतःचंच गणित मोडून पाहा

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे द्यायला हवा. वरच्या सूत्रात एक गृहीतक दडलेलं आहे : प्रत्येक फेरी स्वतंत्र आहे. या फेरीत जहाजाचं रडार बंद होतं, पुढच्या फेरीत चालू असेल, अशी आशा सूत्र धरतं. पण ओळख लपवणारा कप्तान असा नाणं फेकून वागत नाही. त्याने रडार बंद ठेवायचं ठरवलं तर तो दिवसभर ठेवेल.

मग ०.६ हा आकडा फेरीतून काढून दिवसाला लावा. १०० पैकी ४० दिवस जहाज पूर्ण गप्प, उरलेल्या ६० दिवसांत एका फेरीची शक्यता ०.७ × ०.७ × ०.८ = ०.३९. पुन्हा गणित करा. एका समूहाला ४३ टक्के, दोनांना ५५, तिनांना ५९. त्यापुढे कितीही उपग्रह सोडा, ६० ची भिंत ओलांडता येत नाही. दुसऱ्या समूहाचा वाढीव टक्का आता ५.८ नाही, १२ कोटींना पडतो आणि तिसऱ्याचा ४० कोटींच्या वर जातो.

एकही रुपया बदलला नाही, एकही यंत्र बदललं नाही. शत्रू किंवा चोर कसा वागेल याबद्दलचं एकच गृहीतक बदललं आणि 'दोन नक्की, तिसऱ्याचा विचार' याचं 'एक घ्या, दुसऱ्याचा विचार' झालं. म्हणून चारही तुकडे एकेक करून वर-खाली हलवा. ज्याने निकाल उलटतो त्याची माहिती मिळवण्यावर मेहनत घ्या. ज्याने काहीच हलत नाही, त्याच्या दशांशांवर वाद घालत बसू नका.

उशीर हाही असाच एक तुकडा आहे. सिग्नल टिपला तरी तो भूकेंद्रावर उतरवावा लागतो. भूकेंद्र आपल्या अक्षांशावर एकच असेल तर तिथेही दिवसाला मोजक्याच फेऱ्या मिळणार आणि पकडलेलं जहाज कळेपर्यंत तास उलटलेले असणार. ध्रुवाजवळच्या केंद्राला जवळपास प्रत्येक प्रदक्षिणा मिळते. इस्रोचं असं एक केंद्र अंटार्क्टिकातल्या भारती तळावर आहे. कधी कधी तिसऱ्या समूहापेक्षा दुसरं भूकेंद्र जास्त कामाचं ठरतं, आणि ते बरंच स्वस्त असतं. तुमच्या तक्त्यात हा पर्याय स्वतंत्र ओळीत हवाच.

पायरी सातवी : दुसऱ्या वाटा

एकट्या उपग्रहाचा आकडा स्वस्त की महाग हे सांगता येत नाही, तो कशाच्या तरी शेजारी ठेवावा लागतो. इथे तीन वाटा शेजारी ठेवा.

गस्ती विमान : भारताने २००९ मध्ये आठ पी-८आय विमानांचा करार सुमारे २.१ अब्ज डॉलरला केला. दहा किलोमीटर उंचीवरून त्याचं क्षितिज साडेतीनशे किलोमीटर, म्हणजे एका वेळी चार लाख चौरस किलोमीटर. उपग्रहाच्या ७६ लाखांपुढे हे थोडं, पण विमान थांबू शकतं, वळू शकतं आणि गप्प बसलेलं जहाजही स्वतःच्या रडारने पाहू शकतं. आपल्या ६० टक्क्यांच्या भिंतीपलीकडचं काम त्याचं आहे.

विकत घेतलेली माहिती : खासगी कंपन्या आता असे सिग्नल विकतात. थोडीच गरज असेल तर वर्षाची वर्गणी स्वस्त पडेल, मात्र संकटाच्या वेळी विकणारा देईलच असं नाही. ही शक्यताही एका आकड्याने लिहा.

तिसरी वाट म्हणजे काहीच न करणं. तिचाही खर्च असतो, तो मांडायचा राहून जातो. आणि काही खर्च रुपयांत मावत नाहीत. १ मे १९६० ला सोव्हिएत संघाने अमेरिकेचं यू-२ हेरविमान पाडलं, वैमानिक जिवंत पकडला गेला आणि पॅरिसची शिखर परिषद फिसकटली. ग्रॅब त्यानंतर आठ आठवड्यांच्या आतच आकाशात गेला. १९६७ च्या अंतराळ करारानुसार अवकाशावर कोणत्याही देशाची मालकी नाही, त्यामुळे कक्षेतून दुसऱ्या देशावरून जाण्याला कोणी हद्द ओलांडणं मानत नाही. हे असं काही रुपयांत बदलायचा अट्टहास करू नका. तक्त्याशेजारी वेगळ्या रकान्यात शब्दांत लिहा, म्हणजे वाचणाऱ्याला ते दिसेल.

उत्तर कसं लिहायचं

एक आकडा देऊ नका, पट्टा द्या. आपल्या उदाहरणाचं उत्तर मी असं लिहीन : 'एक समूह, ३४४ कोटी, दिवसात पकडण्याची शक्यता ४३ ते ४९ टक्के. दुसरा समूह, आणखी १४४ कोटी, शक्यता ५५ ते ७४ टक्के. जहाजं रडार किती वेळ बंद ठेवतात हे कळेपर्यंत दुसऱ्याची मागणी पुढे ढकलावी, आणि ते जाणून घेण्यासाठी वर्षभर विकतची माहिती घ्यावी.' त्याखाली सगळी गृहीतकं ओळीने लिहा. ज्याला पटणार नाही त्याला त्यातला आकडा बदलून स्वतः गणित करता आलं पाहिजे.

तक्ता तयार झाला की तो दुसऱ्या कुणाला तरी द्या. शक्यतो अनुशेषाची बाजू मांडणाऱ्या माणसाला. तो जे प्रश्न विचारेल त्यासाठी तक्त्यात दोन-तीन रकाने वाढवावे लागतील, तेवढी जागा आधीच सोडून ठेवा.